साहेब दौऱ्यावर गेलेत

हिवरवाडी, ता. जिंतूर
रविवार, १६ सप्टेंबर १९७३

प्रिय आक्का,

सप्रेम जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याचं उत्तर द्यायच्या आत दुसरं येऊन पडलं, म्हणजे चूक माझीच. मी इकडे खुशाल आहे. तू, दाजी, दोन्ही लेकरं आणि नाना बरे असाल. तुला पाचवीचा वर्ग मिळाला हे वाचून आनंद झाला. पाथरीच्या शाळेत इतक्या वर्षांनी तरी तुझी कदर झाली म्हणायची.

यंदा इकडे सगळं हिरवंगार आहे. मूग निघाले, ज्वारी पोटरीत आली. मागच्या साली याच रानात काय होतं ते माणसं विसरूनही गेली. चांगलंच आहे म्हणा. दवाखाना रोजचा चालू आहे. सकाळी इथं, दुपारी गावोगाव जनावरांना लस टोचायला. फुरसत म्हणून नाही.

नाना इकडे यायचं म्हणतात असं लिहिलंस. ती ओळ मी तीनदा वाचली. मला नोकरी लागून चार वर्षं झाली, पण नाना कधी माझ्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. आता आपणहून म्हणतात, ‘पोराचा दवाखाना बघून येतो.’ पण आक्का, आत्ताच नको. वीस तारखेपासून मला परभणीला ट्रेनिंगला जायचं आहे. नव्या लसींचं काहीतरी आहे, दोन महिने चालेल. इथं कुलूप असताना नाना येऊन करतील काय? त्यांना नीट समजावून सांग. वाईट वाटू देऊ नकोस. पत्र मात्र इथल्याच पत्त्यावर टाक. परभणीचा पत्ता अजून ठरला नाही. आमचे ड्रेसर बन्सीधर आहेत, ते मला पोचवतील.

जेवतोस का वेळेवर, असं विचारलंस. जेवतो.

सहज एक विचारायचं होतं. तुमच्या शाळेत कुणा शिक्षकाला असं होतं का, की सकाळी उठून वर्गात जायचंय एवढ्या विचारानंच घाम फुटतो? इथले एक मास्तर तसं सांगत होते. त्यावर काही उपाय असला तर लिही, त्यांना सांगतो.

अक्षर वाकडं आलंय. पेनची निब खराब झाली.

नानांना जयभीम. लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
सूर्यभान


हिवरवाडी
४ नोव्हेंबर १९७३

आक्का,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी. ‘दाजी परभणीला गेले होते. तसलं ट्रेनिंग कुठंच चालू नाही. तुझ्या ऑफिसात म्हणाले की तू एक सप्टेंबरपासून आजारी रजेवर आहेस. सूर्यभान, तू कुठं आहेस?’

मी इथंच आहे. मी कुठंच गेलो नव्हतो. दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, त्यात आहे. माझं काम शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर बघतात, आठवड्यातून दोनदा येऊन जातात. ते आले की मी दार लावून घेतो.

तुझ्याशी मी खोटं बोललो. लहानपणी गुळाचा खडा चोरला तरी तुझ्यापुढं आल्यावर मला खोटं बोलता यायचं नाही. या वेळी पत्रात बोलता आलं, कारण तू समोर नव्हतीस.

आजार म्हणशील तर मोठा नाही. रजेच्या अर्जात मी पोटाचा विकार लिहिलाय. पोटही दुखतं, तेव्हा ते अगदीच खोटं नाही. झोप येत नाही, आणि लागली की दुपार झाली तरी उठवत नाही. अन्नाला चव नाही. हात थरथरतात. पेनची निब चांगली आहे.

हे कशानं झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. तू विचारशीलच, म्हणून छावणीचं लिहितो. मागच्या उन्हाळ्यात दुष्काळामुळं इथं जनावरांची छावणी होती हे तुला माहीत आहे. पण मी तुला कधी काही सांगितलं नव्हतं. तुमच्याकडं येताना मी धुतलेला शर्ट घालून यायचो आणि तू गल्लीत सांगायचीस, ‘आमचा सूर्यभान छावणीचा डॉक्टर हाय.’

छावणीत जनावर बसलं की संपलं असं समजायचं. पोटात दाणा नाही, अंगात बळ नाही, मग ते आपल्या पायांवर उठत नाही. गोणपाटाची झोळी करून, बांबू घालून, सहा जणांनी ते उचलायचं. सलाईन लावायचं. काही उठायची. पुष्कळशी उठायची नाहीत. सलाईनच्या बाटल्या थोड्या आणि बसलेली जनावरं पन्नास. कुणाला लावायची ते मी ठरवायचो. मालक शेजारी उभा असायचा. मी जनावराचे डोळे, कान, हिरड्या बघायचो आणि नुसती मान हलवायचो. आडवी हलवली म्हणजे नाही. पुढं पुढं तोंडानं काही बोलायची गरज उरली नाही. माणसं माझ्या मानेकडेच बघायला लागली. मी अजून जनावरापाशी पोचलेलो नसायचो तोवर बाया पदर तोंडाला लावायच्या.

आक्का, तेव्हा मला काहीच झालं नाही. मी जेवायचो, झोपायचो, चहा पिताना चेष्टा करायचो. वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘तुम्ही कणखर आहात. ढोर डॉक्टरानं असंच असावं.’ मला ते आवडलं होतं.

मग पाऊस झाला, छावणी उठली, माणसं जनावरं घेऊन घरी गेली. आणि एक दिवस हॉटेलवाल्यानं विचारलं, ‘साहेब, चहा?’ मी नको म्हणून मान हलवली, आणि मला अंगभर कापरं भरलं. काय झालं ते मला कळेना. कप तसाच ठेवून मी घरी आलो. त्यानंतर एकेक दिवस मी कमी होत गेलो.

एका डॉक्टरांना दाखवलं, माणसांच्या. ते हसले. ‘तुम्हीच डॉक्टर, तुम्हाला आम्ही काय सांगावं? टॉनिक घ्या, लग्न करा.’ टॉनिक आणलंय.

एवढं सगळं लिहिलं, पण जे लिहायचं होतं ते अजून बाजूलाच आहे. तीन कागद फाडले. एक गोष्ट घडली. ती तुला सांगितली तर तू मला भाऊ म्हणशील की नाही ते मला माहीत नाही. तू तुझ्या हट्टानं मला या शिक्षणाला घातलंस. नाना अंगणात ओरडत होते, ‘मेलेली ढोरं ओढायची सोडली आन् पोरगं पुन्हा ढोरातच चाललं!’ तेव्हा तू त्यांच्यापुढं उभी राहून म्हणाली होतीस, ‘नाना, हा ढोरं ओढायला न्हाई, जगवायला जायलाय.’ ते वाक्य मला पाठ आहे. सध्या मला त्याचीच जास्त भीती वाटते.

नानांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना पाठवू तर अजिबात नकोस. हे तुला हात जोडून सांगतो.

सूर्यभान


हिवरवाडी
रविवार, ९ डिसेंबर १९७३

प्रिय आक्का,

सप्रेम जयभीम.

तू ऐकलं नाहीस. नानांना पाठवलंसच. आज त्यांना येऊन सतरा दिवस झाले. आता मी सगळं लिहिणार आहे. कागद फाडणार नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. तीन दिवस मी दवाखान्यात गेलो नव्हतो. क्वार्टरचं दार आतून लावून पडून होतो. बन्सीधरांना सांगून ठेवलं होतं, कुणी आलं तर म्हणा साहेब दौऱ्यावर गेलेत. बन्सीधर माझ्या बापाच्या वयाचे. त्यांना हे खोटं बोलायला लावलं, तीही एक लाजच.

बाजाराचा दिवस होता. सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई आली. आवाज मी ओळखला. कडूबाई. इथून तीन मैलांवर वाडी आहे, तिथली. नवरा नाही, एकटी बाई. दीड एकर रान आणि एक तांबडी गाय.

ती गाय मला माहीत होती. छावणीत ती दोनदा बसली. दुसऱ्या वेळी मी मान आडवी हलवली होती, पण कडूबाई तिथून हललीच नाही. गाईचं मुंडकं मांडीवर घेऊन बसून राहिली. शेवटी मी चिडून एक बाटली लावली. तिसऱ्या दिवशी गाय आपल्या पायांवर उभी राहिली. त्या सगळ्या उन्हाळ्यात मला मनापासून एकदाच हसू आलं असेल तर त्या दिवशी. छावणी उठली तेव्हा कडूबाई गाईला घेऊन माझ्या पाया पडायला आली होती. गाय गाभण आहे, असं मीच तिला तपासून सांगितलं होतं.

तर ती आली. दार आणि खिडकी बंद, पण मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

‘सायब हायत का?’

‘दौऱ्यावर गेलेत,’ बन्सीधर म्हणाले.

‘कवा येत्याल?’

‘सांगता येत न्हाई.’

तिनं अंगणात नजर टाकली असावी. मग म्हणाली, ‘सायकल तर हितंच हाय की.’

‘जीपनं गेलेत.’

ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, ‘बसते मी. येत्याल.’ आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. किती वेळ ते मला कळलं नाही. मग पावलं माझ्या दाराकडे आली. फटीतून मला तिचे पाय दिसत होते, चिखलानं भरलेले.

‘सायब,’ ती दाराला तोंड लावून बोलली. ‘आत आसाल तर ऐका. गाय अडलीय. पहाटंपासून कळा द्यायलीय. वासराचे पाय भाईर आलेत, मुंडकं मागं वळलंय. तुमीच उभी केलेली गाय हाय, सायब. लय येळ लागणार न्हाई तुमाला.’

खरं होतं ते. लय वेळ लागणार नव्हता. हात आत घालायचा, वासरू मागं रेटायचं, जबडा धरून मान सरळ करायची आणि कळेबरोबर ओढायचं. अर्ध्या तासाचं काम. मी ते किती वेळा केलंय त्याला गणती नाही. आक्का, मी चादर डोक्यावरून ओढून घेतली होती आणि चादरीखाली माझा उजवा हात तसा वळायला लागला होता. हाताला सगळं येत होतं. मी उठलो नाही.

मला उठता आलं नाही, असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. मलाही बरं वाटेल. पण आलं नाही की उठलो नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

ती गेली. बन्सीधर दवाखाना बंद करून तिच्यामागं गेले. ते ड्रेसर, मलमपट्टीपुरतं शिकलेले, त्यांनी त्यांच्या परीनं केलं. गाय दुपारी मेली. वासरू पोटातच गेलं होतं. हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही. भाकरी आणून ठेवली आणि निघून गेले. चौथ्या दिवशी मीच विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. आडवी.

आता आणखी एक. हे वाचताना तू बसून वाच. त्यानंतरच्या एका दुपारी मी दवाखान्यात औषधांच्या कपाटापुढं उभा होतो आणि जनावरांचा विचार करत नव्हतो. एवढंच लिहितो, तुला कळेल. बन्सीधर आत आले. कपाटाची किल्ली मी त्यांच्या हातात दिली. म्हणालो, ‘ही तुमच्याकडं राहू द्या. मी मागितली तरी देऊ नका.’ त्यांनी का म्हणून विचारलं नाही. किल्ली करगोट्याला बांधली आणि म्हणाले, ‘चला, जेवून घ्या.’ तेव्हापासून ते रोज दोन्ही वेळ भाकरी घेऊन येतात आणि मी जेवेपर्यंत उठत नाहीत. बायकोला काय सांगतात कुणास ठाऊक. त्यांनीच मला रजेचा अर्ज लिहायला लावला. ते नसते तर हे पत्र तुला दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असतं.

असा मी होतो आणि नाना आले. खांद्यावर गाठोडं, हातात काठी. मी दार उघडलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी दाढी वाढलेली, खोलीत वास. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं ना ढोरात जाऊ नको म्हणून. ते म्हणाले, ‘खराटा कुठं हाय?’

पुढचे दोन दिवस ते घर आवरत राहिले. अंगण झाडलं. माझे कपडे धुतले. मला आंघोळीला पाणी काढून दिलं, लहान लेकराला देतात तसं. बन्सीधर आले की दोघं ओट्यावर बसून तंबाखू मळायचे. काय बोलायचे ते मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना माझ्या हातातला पाण्याचा तांब्या हिंदकळला. नाना म्हणाले, ‘हात कशानं कापायलेत?’

मी सगळं सांगितलं. छावणी, गाय, कपाट. सांगताना त्यांच्याकडं बघवत नव्हतं. भाकरीकडं बघून सांगितलं. शेवटी म्हणालो, ‘नाना, तुमचंच खरं होतं. मी या कामात जायला नको होतं. आपण ढोरं ओढणं सोडलं, आणि मी एक जितं जनावर मरू दिलं. तुम्हाला मान खाली घालायला लावली.’

नानांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. त्यांच्याच शब्दांत लिहितो.

‘निजामाचं राज्य व्हतं. मी आसंन आठरा-इसाचा. मालकाचा बैल पाय घसरून पडला, कंबर मोडली. मालकानं सांगावा धाडला, बैल मेलाय, वढून न्या. आमी दोघं गेलो, मी आन् तुजा चुलता. पायाला कासरा बांधला आन् वढला. वढ्यापतूर नेला. तितं त्यानं डोळा उघडला. माज्याकडं बघितलं. फुसकारला. तुजा चुलता म्हणला, जिता हाय रं, माघारी जाऊन सांगू. मी म्हणलो, मालक मेला म्हणला म्हंजी मेला. आता माघारी गेलं तर मारंल. आमी त्याला तसाच टाकून आलो. दिस मावळंस्तोवर त्यो जिता व्हता, सूर्या. वढा दहा पावलांवर व्हता. मी त्याला वंजळभर पाणी सुदिक नेऊन पाजलं न्हाई.’

नाना थांबले नाहीत, पुढं सांगत राहिले.

‘छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सगळ्यांनी ढोरं वढणं सोडलं, तवा लोक म्हणले, इज्जतीसाठी सोडलं. मी बी तसंच म्हणलो. पर माझ्या मनात त्यो डोळा व्हता. तुला ढोरात जाऊ नको म्हणलो ते लाजंपायी न्हाई, लेका. त्या डोळ्यापायी. मला वाटलं, आपलं पोरगं तरी त्यातनं सुटावं.’

आक्का, आपण दोघं इतकी वर्षं समजत होतो की नानांना माझ्या शिक्षणाची लाज वाटते. मी तर त्या समजुतीवर चार वर्षं रागावून होतो. म्हणूनच दर सुटीला कडक इस्त्री करून घरी यायचो.

मग नाना म्हणाले, ‘माजा बैल कवाच गेला. त्याला मी काय सांगू? तुजी बाई जिती हाय. चल.’

मी म्हणालो, ‘आज नको.’ ते म्हणाले, ‘बरं.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, ‘चल.’ असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी मी चपला घातल्या.

तीन मैल चालत गेलो. वाटेत दोनदा मला बसावं लागलं. नाना काठी टेकून उभे राहायचे. कडूबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती. चार-पाच बाया होत्या. मला बघून सगळ्या थांबल्या. मला वाटलं होतं, तिला बाजूला बोलावून सांगावं. पण ती ओळ सोडून आली नाही. तिथंच उभी राहून म्हणाली, ‘काय, सायब?’

सगळ्यांसमोर सांगावं लागलं. ‘कडूबाई, त्या दिवशी मी दौऱ्यावर नव्हतो. आत होतो.’

‘मला ठावं हाय,’ ती म्हणाली.

‘तुम्ही बोललात ते सगळं ऐकलं मी.’

‘त्ये बी ठावं हाय.’ तिनं ओटीतला कापूस सारखा केला. ‘गाय माझी गेली ती गेली. इतकी तकलीफ काढून जगवली, आन् हिरव्या गवतात मेली. त्ये तुमच्यावर हाय, सायब. मी न्हाई म्हणणार न्हाई.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘लय शिव्या दिल्या मी तुमाला. आठ दिस दिल्या. ह्या समद्या बायांनी ऐकल्यात.’

एका बाईनं मान खाली घातली. मी हात जोडले. दुसरं काय करणार? मागं वळलो तेव्हा ती पुन्हा बोलली, या वेळी हळू.

‘सायब, दारापाशी आले तवा आतून रडल्यावानी आवाज येत व्हता. मला वाटलं, हितं बी कुणी तरी अडलंय. पर माझी गाय तिकडं मरायली व्हती, म्हणून मी गेले. न्हाईतर बसले आसते.’

मी रडत होतो हे मला माहीत नव्हतं, आक्का. तुझी शपथ, मला खरंच माहीत नव्हतं.

येताना वाटेत नानांनी माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. समोरून माणसं येत होती, बघत होती. म्हाताऱ्यानं एवढ्या मोठ्या डॉक्टरला लेकरासारखं धरून आणलं, असं गावभर झालं असेल. होऊ दे.

त्या दिवशी मी बरा झालो असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठवलं नाही. पण परवा रजा वाढवायचा अर्ज लिहायला बसलो तेव्हा पोटाचा विकार लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, ‘मनाच्या आजारामुळे’. बन्सीधर म्हणाले, ‘साहेब, ऑफिसात हसतील, वेडा म्हणतील.’ मीही घाबरलो. नाना म्हणाले, ‘काय लिव्हलंय?’ मी वाचून दाखवलं. ‘खरं हाय का?’ म्हणाले. हो म्हणालो. ‘मग धाडा.’ अर्ज गेला. अजून उत्तर नाही. नोकरी राहील की नाही, माहीत नाही. राहिली तरी मला पुन्हा जनावराला हात लावता येईल की नाही, तेही माहीत नाही.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात असं कळलं. मंगळवारच्या एस.टी.नं नाना आणि मी निघतोय. मला त्या पायऱ्या चढायची फार लाज वाटते. कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगू, याची उत्तरं मी तयार करत होतो. सगळी खोटी होती. आता एकही तयार करत नाही.

तुझ्याकडं एकच मागणं आहे. गल्लीत कुणी विचारलं, डॉक्टर कुठं आहे, तर ट्रेनिंगला गेला असं सांगू नकोस. आजारी आहे म्हण. कसला आजार म्हणून विचारलं तर तेही सांग. तुझी मान खाली जाईल. मला माहीत आहे. तू गल्लीत किती अभिमानानं माझं नाव घेतेस तेही माहीत आहे. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं, त्याची माफी मागायला मला शब्द सापडत नाहीत. पण पुन्हा खोट्यावर उभं राहिलो तर या वेळी मी टिकणार नाही.

आणि तू मला पत्र लिही. रागाचं लिही. पण लिही.

पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र मी नानांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. बैलाचं खोडू का विचारलं, तर त्यांनी राहू दे म्हटलं. म्हणाले, ‘तिलाबी कळू दे, बाप कसा व्हता.’ मग तुझं नाव घेऊन म्हणाले, ‘पंचफुलाला लिही, रडू नको म्हणावं.’ मी तसं लिहायला घेतलं, तर थांबवलं. ‘न्हाई. खोड त्ये. रडू दे तिला.’

मी काही खोडलेलं नाही. दोन्ही तुला कळवतो.

तुझाच,
सूर्यभान